पहाटेच्या वाईट स्वप्नाचा अर्थ कसा लावावा

स्वप्न असे होते. कोकणातल्या आमच्या जुन्या घरामागच्या विहिरीवर आई पाणी शेंदत होती आणि रहाट कुरकुरत होता. मी पायरीवर उभा होतो, हातात मोबाईल होता. दोर आईच्या हातून सुटला, पोहरा खाली गेला आणि त्यामागोमाग आई गेली. पाण्याचा आवाज मात्र आला नाही. काठाशी येऊन वाकून पाहिले तर विहिरीत पाणी नव्हतेच, नुसता फणसाचा वाळका पाला होता; आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "चहा गार होतोय." मी दचकून उठलो तेव्हा पहाटेचे ४ वाजून ४० मिनिटे झाली होती, बनियन घामाने भिजले होते, आणि आईला फोन करण्याजोगी वेळ होईपर्यंत मी अंथरुणावर नुसता बसून होतो.

आई खुशाल होती. पण दिवसभरात ज्या दोघांजवळ मी हे स्वप्न बोललो, त्यांनी दोन टोकांचे अर्थ सांगितले. शेजारच्या काकू म्हणाल्या की विहिरीत पडणे वाईटच, त्यातून स्वप्न पहाटेचे, तेव्हा शंकराला अभिषेक करून टाका. कार्यालयातल्या सहकाऱ्याने धीर दिला की ज्याचे मरण स्वप्नात दिसते त्याचे आयुष्य वाढते, त्यामुळे पेढे वाटायला हरकत नाही. दोन्ही समजुती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि दोन्ही तितक्याच खात्रीने सांगितल्या जातात. एकाच चित्राचे असे परस्परविरोधी अर्थ निघत असतील, तर गफलत अर्थ सांगणाऱ्यांची नसून चित्रावरून अर्थ काढण्याच्या पद्धतीची आहे, असे मला वाटते. ती गफलत नेमकी कुठे होते हे समजण्यासाठी आधी झोपेत काय घडते ते पाहावे लागेल.

झोप ही एकसारखी सपाट अवस्था नसते. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन ॲझेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी असे दाखवून दिले की झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड ठरावीक काळाने भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी त्याला उठवले तर तो बहुतेकदा स्वप्न सांगतो. या टप्प्याला 'रॅपिड आय मूव्हमेंट' या शब्दांवरून रेम झोप म्हणतात. सुमारे दीड तासाचे एक, अशी चार-पाच आवर्तने एका रात्रीत होतात आणि प्रत्येकात रेमचा एक तुकडा असतो. पहिला तुकडा जेमतेम दहा मिनिटांचा असतो, तर पहाटेकडचा अर्धा तास किंवा त्याहूनही लांबतो. स्वप्ने झोपेच्या इतर टप्प्यांतही पडतात, पण कथानक असलेली, रंगीत आणि हादरवणारी स्वप्ने प्रामुख्याने रेममधली असतात. आणि जे स्वप्न चालू असताना जाग येते, तेच सहसा लक्षात राहते. 'पहाटेचे स्वप्न खरे होते' या समजुतीमागे एवढे तथ्य नक्की आहे की पहाटेचे स्वप्न लांब असते, ठसठशीत असते आणि आठवते. मध्यरात्रीचे स्वप्न खरे ठरले की खोटे याची शहानिशा कोणी करत नाही, कारण सकाळपर्यंत ते कोणाच्या ध्यानातच उरलेले नसते.

रेम झोपेत मेंदूचे सगळे भाग सारखे जागे नसतात. भीती आणि धोका ओळखणारा अमिग्डला हा भाग जोरात काम करत असतो, तर 'हे कसे शक्य आहे?' असा प्रश्न विचारणारा, कपाळामागचा तर्काचा भाग मंदावलेला असतो. म्हणूनच विहिरीत पडलेली आई पुढच्याच क्षणी स्वयंपाकघरातून हाक मारते आणि स्वप्न पाहणाऱ्याला त्यात काहीही वावगे वाटत नाही. याच अवस्थेत डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडून बाकीचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात, जेणेकरून स्वप्नातली धावपळ माणसाने अंथरुणात करू नये. कधी कधी मन जागे होते आणि हा लुळेपणा मात्र काही क्षण तसाच राहतो. अशा वेळी डोळे उघडे असतात, खोली दिसत असते, पण हात हलत नाही आणि ओरडता येत नाही. 'छातीवर कोणीतरी बसले होते' असे जे सांगितले जाते, ते बहुतेकदा हेच असते. त्याला निद्रा-पक्षाघात म्हणतात; नाव भयंकर असले तरी काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत, तो आपोआप ओसरतो.

थोडक्यात, अस्वस्थ करणाऱ्या स्वप्नात भावनेचा जोर जास्त असतो आणि तर्काची गाळणी बाजूला ठेवलेली असते. भावना खरी असते, पण तिला मिळालेले चित्र हाताशी सापडेल त्या सामानातून उभे राहते. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाते.

हे काही आजच कळले आहे असे नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात स्वप्नाचे वर्णन करताना म्हटले आहे की तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. स्वप्न पाहणारा ते सगळे स्वतःच निर्माण करतो. त्याच प्रकरणात पुढे भीतिदायक स्वप्नाविषयी एक वाक्य आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. माणसाला कोणी जणू ठार मारत आहे, हत्ती जणू पाठलाग करत आहे, आपण जणू खड्ड्यात पडत आहोत असे दिसते, तेव्हा जागेपणी जी भीती त्याने पाहिलेली असते तीच तो तिथे अज्ञानाने खरी मानतो. पाठलाग आणि पडणे ही आजही सर्वांत अधिक सांगितली जाणारी वाईट स्वप्ने आहेत. हत्तीची जागा आता फार तर ट्रकने घेतली असेल. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण हेच चार शब्दांत सांगते, फक्त ती आपण इतक्या सहजपणे म्हणतो की तिच्याकडे लक्ष देत नाही.

चरकसंहितेतील विवेचन तर याहून बारकाईचे आहे. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट म्हणजे पाहिलेल्याचे, श्रुत म्हणजे ऐकलेल्याचे, अनुभूत म्हणजे अनुभवलेल्याचे, प्रार्थित म्हणजे हवे असलेल्याचे, कल्पित म्हणजे मनाने रचलेले, भाविक म्हणजे पुढे घडणाऱ्याचे सूचक, आणि दोषज म्हणजे वात-पित्त-कफाच्या बिघाडातून आलेले. यातले पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ मानावेत असे ग्रंथ स्पष्ट सांगतो. दिवसा पडलेले, फार तोकडे किंवा फार लांबलेले स्वप्नही त्यातच जमा. फार गाढ झोप नसतानाच माणूस स्वप्ने पाहतो, असेही तिथे म्हटले आहे. यावरून चरकाला रेम झोप ठाऊक होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा, पण निरीक्षण चोख होते यात शंका नाही. याच अध्यायात अशुभ स्वप्नांची लांबलचक यादीही आहे आणि आजचे स्वप्नफल सांगणारे त्या धर्तीच्या याद्याच तेवढ्या पुढे नेतात. तो अध्याय रोग्याच्या आयुष्याचा अंदाज बांधणाऱ्या वैद्यासाठी लिहिलेला आहे, आणि यादीच्या आधी एवढी मोठी चाळणी लावलेली आहे, ही गोष्ट मात्र वाटेतच गळून जाते.

चित्रावरून अर्थ काढण्याची पद्धत कुठे फसते याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे दात पडल्याचे स्वप्न. ज्यांना ते पडले आहे त्यांना वेगळे सांगायला नको: आधी एक दात हलतो, जिभेने चाचपावा तर दुसरा निसटतो, आणि मग ओंजळीत दातांचा खच पडतो. आपल्याकडे याचा अर्थ घरातले माणूस जाणार असा घेतात. चरकाच्या अशुभ यादीत दातांचे पडणे आहेच, आणि गंमत अशी की दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या आर्टेमिडोरस या स्वप्नार्थकारानेही जवळजवळ हेच सांगितले होते: तोंड म्हणजे घर आणि दात म्हणजे घरातली माणसे, वरचे दात मानाची आणि खालचे त्यांच्याहून कनिष्ठ. इतक्या दूरच्या परंपरा एकाच अर्थावर येतात याचा अर्थ ते भाकीत खरे आहे असा मात्र होत नाही. एका रांगेत दाटीवाटीने बसलेली आणि एकेक करून गळणारी वस्तू पाहिली की कुटुंब आठवणे स्वाभाविक आहे, एवढाच त्याचा अर्थ. इस्राएलमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी याच स्वप्नाचा सरळ शोध घेतला. दात पडल्याची स्वप्ने मानसिक ताणाशी जोडलेली आहेत की दातांशी, असा तो प्रश्न होता. उठल्यावर दात, हिरड्या किंवा जबडा आवळल्यासारखा वाटण्याशी या स्वप्नांचा संबंध आढळला. मानसिक त्रासाशी आढळला नाही. झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या तोंडातली खरी संवेदना स्वप्नाने उचलली आणि तिच्याभोवती गोष्ट रचली, असे त्याचे साधे स्पष्टीकरण देता येते. अशा माणसाने अभिषेकाबरोबर दंतवैद्याकडेही एक फेरी मारावी.

आर्टेमिडोरसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. स्वप्न पाहणारा कोण, त्याचा धंदा काय, तो श्रीमंत की गरीब, आजारी की धडधाकट, हे विचारल्याशिवाय अर्थ सांगू नये, असा त्याचा आग्रह होता. आपल्याही गावात एखादी जाणती आजी 'कुठे दिसले, कोण होते बरोबर, तू काय केलेस' असे चार प्रश्न विचारूनच बोलत असे. छापील स्वप्नफलात हे प्रश्न गेले आणि उत्तरे तेवढी राहिली.

सिग्मंड फ्रॉइडने १९०० सालचा छाप असलेल्या आपल्या ग्रंथात हाच धागा वेगळ्या रीतीने पकडला. स्वप्नातला एकेक तुकडा घ्यावा, त्यावरून स्वप्न पाहणाऱ्याला जे जे आठवेल ते ते त्याने न गाळता बोलावे, आणि त्यातून अर्थ शोधावा, ही त्याची पद्धत होती. आदल्या दिवसाचा काही ना काही ऐवज स्वप्नात येतोच, हेही त्याने ठासून सांगितले. प्रत्येक स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती, हा त्याचा मूळ सिद्धांत मात्र आज फारसा कोणी जसाच्या तसा मानत नाही, आणि त्याच्याच ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांत ठरावीक प्रतीकांची यादी वाढत गेली हेही खरे. १९७७ मध्ये ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी अगदी दुसरे टोक गाठले: मेंदूच्या देठातून उठणाऱ्या आपोआप लहरींना वरचा मेंदू कशीबशी गोष्टीची संगती लावतो, तेच स्वप्न. फिनलंडच्या अँटी रेव्होन्सुओ यांनी २००० साली मांडले की स्वप्न ही धोक्याची रंगीत तालीम आहे, म्हणूनच त्यात पाठलाग आणि संकटे इतकी असतात. या तीन मतांचा मेळ अजून बसलेला नाही. पण अमेरिकेतले कॅल्व्हिन हॉल यांनी हजारो सामान्य माणसांची स्वप्ने गोळा करून मोजदाद केली तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: स्वप्नांत सुदैवापेक्षा दुर्दैवाचे प्रसंग जास्त असतात, आणि माणसाच्या स्वप्नांतली काळजी बहुधा त्याच्या जागेपणीच्या काळजीचाच पुढचा भाग असते. वाईट स्वप्न पडणे ही मुळात अपवादात्मक घटना नव्हे.

मग अर्थ लावायचा तो कसा? मी माझ्याच स्वप्नावर करून पाहिले ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जाग येताच, मोबाईल पाहण्याआधी, स्वप्न कागदावर वर्तमानकाळात उतरवून काढणे. तासाभराने लिहिले तर आपण त्यात नकळत संगती भरतो. दुसरी गोष्ट म्हणजे चित्र बाजूला ठेवून भावना ओळखणे, आणि इथे घाई करू नये. मला वाटत होते की मी भ्यालो होतो. पण लिहिलेले पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की भीती जागे झाल्यावर आली. आई पडली त्या क्षणी स्वप्नात मला भय वाटलेच नव्हते. हाक ऐकू आली तेव्हा जे वाटले ते ओशाळलेपण होते. ती बोलावते आहे, चहा गार होतो आहे, आणि मी हातात मोबाईल धरून नको तिथे उभा आहे. दोर धरायला माझा हात मोकळा नव्हता, ही स्वप्नातली सर्वांत बोचणारी गोष्ट होती, आणि कोणत्याही स्वप्नफलात 'मोबाईल' या शब्दापुढे काही लिहिलेले नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे सामान कुठून आले ते शोधणे. दोनच दिवसांपूर्वी चुलत भावाने व्हॉट्सॲपवर आमच्या विहिरीचा फोटो पाठवला होता. मे महिना होता, विहीर तळाला गेली होती आणि तळाशी पाला साचला होता. विहीर, कोरडेपणा आणि पाला एवढे सगळे त्या एका फोटोतून उचललेले होते. त्यात गूढ काही नव्हते. मग उरला प्रश्न असा की या सामानात ओशाळलेपण कशाचे मिसळले. त्याचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. आईच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मी दोनदा पुढे ढकलली होती, एकदा कामाच्या गर्दीमुळे आणि एकदा निव्वळ आळसामुळे, आणि दोन्ही वेळा तिने "तुझ्या सवडीने बघ" एवढेच म्हटले होते.

हा अर्थ बरोबर आहे याचा पुरावा काय? प्रयोगशाळेत दाखवता येईल असा पुरावा नाही, आणि तो असल्याचा आव कोणी आणू नये. एक कसोटी मात्र उपयोगी पडते: लावलेला अर्थ पाहणाऱ्याला स्वतःला आतून पटतो का, आणि आज करता येण्याजोगे काही त्यातून हाती लागते का. 'संकट येणार' या अर्थातून नुसती धास्ती हाती लागते. 'शस्त्रक्रिया रखडली आहे' या अर्थातून एक फोन नंबर हाती लागतो. म्हणून स्वप्न पुढच्या दिशेने, म्हणजे काय होणार यासाठी न वाचता, मागच्या दिशेने, म्हणजे काय चालले आहे यासाठी वाचावे, असे मला वाटते.

तरीही 'आमच्याकडे तंतोतंत खरे झाले' असे सांगणारे माणूस प्रत्येक घरात असते आणि ते खोटे बोलत नसते. इथे थोडे गणित करावे लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींहून अधिक होती. त्यांतल्या फक्त १ कोटी लोकांना दहा वर्षांतून एकदाच आपले वयस्क आप्त गेल्याचे स्वप्न पडते असे धरू. म्हणजे वर्षाला १० लाख अशी स्वप्ने झाली. त्या वयस्क माणसाचा वर्षभरात मृत्यू होण्याची शक्यता पन्नासात एक धरली, तर नेमक्या दुसऱ्याच दिवशी मृत्यू होण्याची शक्यता १८,२५० मध्ये एक येते. १० लाखांना त्याने भागले की सुमारे ५५ उरतात. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, पण एवढ्या कंजूष हिशेबातही दरवर्षी पन्नासहून अधिक घरांत स्वप्न दुसऱ्या दिवशी 'खरे' ठरते, आणि आठवडाभराची मुदत दिली तर पावणेचारशेच्या पुढे. शिवाय आजारी माणसाविषयीच काळजीची स्वप्ने पडतात आणि आजारी माणसेच अधिक दगावतात, त्यामुळे खरा आकडा वाढेलच. उरलेली लाखो स्वप्ने फुकट गेली, पण ती कोणी बाराव्याला बसून सांगत नाही.

काही स्वप्नांना अर्थाची गरजच नसते, उपचाराची असते. रक्तदाबासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे, ॲलर्जी-दम्यासाठीचे मॉन्टेलुकास्ट, नैराश्यावरची काही औषधे, यांमुळे भयाण स्वप्ने पडू शकतात. नेहमीची दारू एकदम सोडली की दबलेली रेम झोप उसळून येते आणि स्वप्नांचा मारा होतो. नवे औषध चालू झाल्यावर स्वप्ने बिघडली असतील तर ते आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. लहान मूल झोपेच्या सुरुवातीच्या तासांत किंचाळून उठते, कोणालाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तेव्हा ते स्वप्न नसून गाढ झोपेतला दचका असतो. त्याला 'काय दिसले?' असे खोदून विचारण्यात अर्थ नाही. पन्नाशी उलटलेला माणूस झोपेत खरोखरच हातपाय झाडू लागला, शेजारच्याला मारू लागला, तर मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे, कारण रेममधला स्नायूंचा लुळेपणा हरवणे हे काहींच्या बाबतीत पार्किन्सनसारख्या आजाराचे फार आधीचे लक्षण असते.

अपघात, अत्याचार किंवा एखाद्या मृत्यूनंतर तेच ते स्वप्न आठवड्यातून अनेकदा पडत असेल आणि झोपायचीच भीती वाटू लागली असेल, तर तिथे प्रतीके उकलत बसणे हा उपाय नव्हे. अमेरिकेतले डॉ. बॅरी क्राकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांबरोबर केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात एक साधी पद्धत परिणामकारक ठरली. जागेपणी स्वप्न लिहायचे, त्यात आपल्याला हवा तसा बदल करायचा, आणि बदललेली गोष्ट रोज काही मिनिटे डोळ्यांपुढे आणायची. मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने हे केलेले बरे. सरकारच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. चरकसंहितेच्या त्याच अध्यायात असे म्हटले आहे की वाईट स्वप्नानंतर पुन्हा झोपून जो सौम्य, शुभ स्वप्न पाहतो त्याला फळही शुभच मिळते. दोन्ही गोष्टी एकच नाहीत, पण शेजारी ठेवून पाहाव्यात इतक्या जवळच्या नक्की आहेत.

मी वहीत माझे स्वप्न बदलून लिहिले: मोबाईल कठड्यावर ठेवला, दोर दोन्ही हातांनी धरला, पोहरा वर आला. त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेची तारीख घेतली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर एकदा आईला सगळे स्वप्न सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "विहिरीवर रहाट कुठे राहिलाय आता? पंप बसवून बारा वर्षं झाली. तू आलायस कधी मागच्या दारी?"